खारट वाळू

कोंकणांतील आमच्या घराला दोन वयें आहेत. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर हा मागील भाग आमच्या पणजोबांनीं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनीं बांधविला. पुढील दोन खोल्या आणि त्यांवरील गच्ची ही १९७९ सालीं आमच्या देखरेखीखालीं सिमेंट-काँक्रीटची झाली. जुना भाग अद्याप उभा आहे, व दर पावसाळ्याच्या तोंडीं कौलें परतून घेण्यापलीकडे त्यानें घरच्या माणसांकडे फारसें कांहीं मागितलेलें नाहीं. नव्या भागाची गच्ची मात्र पंचवीस वर्षेंहि पुरतीं होण्याच्या आंत फोडून काढावी लागली. ही हकीकत आम्हीं आजवर पुष्कळ मंडळींना सांगितली आहे. परंतु सांगतांना तिचा एक तुकडा आम्ही नेहमीं गाळीत आलों. तो तुकडा आज जोडून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु.

एवढ्यावरून जुन्याची थोरवी गाणारा हा आणखी एक लेख आहे, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. आमचा सारा जन्म काँक्रीटच्या कामांत गेला. पूल, पाण्याच्या टाक्या, शाळा, दवाखाने यांचीं गणितें आम्हीं केलीं, आणि त्या वस्तूवर आमचें प्रेम आहे. किंबहुना प्रेम आहे म्हणूनच, तिच्या नांवावर खपविलेला आपला दोष आतां तिच्या माथ्यावरून उतरवून आपल्या माथ्यावर घ्यावा, असें वाटतें.

काँक्रीट ही वस्तु मुळांत फार सरळ आहे. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी या चार पदार्थांचा तो मेळ. लोक म्हणतात, सिमेंट वाळलें म्हणजे घट्ट होतें. हें खरें नव्हे. चिखल वाळतो; सिमेंट वाळत नाहीं, तें पाण्याशीं रासायनिक संयोग पावून दगड होतें. म्हणूनच तें पाण्याखालींहि घट्ट होतें, आणि म्हणूनच ओतल्यावर त्याला कित्येक दिवस पाणी पाजीत राहावें लागतें. हिशेबाला त्याची २८ दिवसांची ताकद धरतात. पण ओलावा मिळत राहिला तर त्यानंतरहि तें महिनोगणती बळावत असतें.

या पाण्याची मोठी मौज आहे. ५० किलोच्या एका पोत्याला केवळ रासायनिक संयोगासाठीं १२ लिटरांच्या आसपास पाणी पुरतें. पण तेवढ्यानें मिश्रण फावड्याला हलत नाहीं, सळयांच्या जाळींतून खालीं उतरत नाहीं. म्हणून तें २५ लिटरांपर्यंत घालावें लागतें. याहून जास्त ओतलेला प्रत्येक तांब्या मजुराचे कष्ट वांचवितो आणि इमारतीचें आयुष्य खातो. जादा पाणी पुढें उडून जातें, आणि जेथें तें होतें तेथें डोळ्यांस न दिसणारीं छिद्रें मागें राहतात. १९१८ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें डफ अब्रॅम्स यांनीं पुष्कळ नमुने फोडून पाहून असा नियम मांडला कीं, काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. २५ लिटरांचे ३५ केले कीं सुमारें एक तृतीयांश बळ गेलेंच समजावें. हें ज्ञान शंभर वर्षांहून जुनें झालें आहे, आणि तरीहि रोज सायंकाळीं कोठें ना कोठें तें एका बादलीखालीं बुडत आहे.

दुसरी गोष्ट लोखंडाची. नुसतें काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला दुबळें; दाबाच्या मानानें त्याची ताणशक्ति दहाव्या हिश्शाच्या आसपास भरते. रोम येथील पँथिऑनचा घुमट सुमारें ४३ मीटर व्यासाचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या काँक्रीटनें तो उभारला. त्यांत लोखंडाची एकहि सळई नाहीं, आणि तो आजहि उभा आहे. त्याचा आकार असा कीं भार बव्हंशीं दाबाच्या रूपानेंच खालीं उतरतो, आणि वर जातां जातां त्याची जाडी व वजन हीं दोन्हीं कमी केलेलीं आहेत. परंतु आपणांस घुमटांत राहावयाचें नसतें. आपणांस सपाट गच्ची पाहिजे असते. सपाट गच्ची भाराखालीं किंचित् वांकते, तेव्हां तिची पाठ दाबली जाते आणि पोट ताणलें जातें. तो ताण सोसावयास पोटाशीं लोखंड घालावें, ही युक्ति. पॅरिसच्या झोझेफ मोनिए या माळ्यानें फुलझाडांच्या कुंड्यांसाठीं काँक्रीटमध्यें लोखंडी जाळी घालून १८६७ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि पुढें १८९२ सालीं फ्रान्स्वा एनबिक यानें खांब, तुळई व गच्ची यांचा एकजीव सांगाडा करण्याची पद्धति बसविली. भिंतीबाहेर काढलेल्या सज्ज्याला हाच न्याय उलटा लागू पडतो: तेथें ताण वरच्या अंगास, म्हणून सळयाहि वर. कामावरच्या कुणी त्यांवर पाय देऊन त्या खालीं दाबल्या, तर कागदावरचें गणित बरोबर राहून सज्जा मात्र खालीं येतो.

लोखंड आणि काँक्रीट यांचा संसार टिकावा अशी सोय निसर्गानेंच करून ठेविलेली आहे. उन्हानें दोन्हीं जवळजवळ सारख्याच प्रमाणांत फुगतात. शिवाय सिमेंटच्या क्षारधर्मामुळें सळईभोंवतीं एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो, आणि तो आहे तोंवर लोखंडाला गंज लागत नाहीं. परंतु सळईवरचें काँक्रीटचें कवच पुरेसें जाड पाहिजे, दाट पाहिजे आणि मिठापासून दूर पाहिजे. मीठ शिरलें कीं पापुद्रा फाटतो, लोखंड गंजूं लागतें, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. तो आंतून रेटतो. म्हणजे काँक्रीटला जो एक सोसत नाहीं तो ताणच त्याच्या वांट्यास येतो. आधीं केंसासारखी चीर, मग तांबूस डाग, मग ठोकल्यावर पोकळ आवाज, आणि शेवटीं तुकडा, असा हा क्रम आहे.

हें सर्व आम्हांस १९७९ च्या मे महिन्यांत ठाऊक होतें. आम्ही नुकतेच पदवी घेऊन गांवीं आलों होतों. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, ते कौलांना कंटाळले होते असें नाहीं; पण मुलगा इंजिनिअर झाला आणि घर कौलारूच राहिलें, हें त्यांना बरें दिसेना. त्यांनीं फंडाचे पैसे काढले. ते मोजकेच होते. नदीची वाळू लांबून आणावी लागे. खाडीची वाळू होडीनें धक्क्याला लागे व स्वस्त पडे. आम्हीं खाडीची घेतली. ती गोड्या पाण्यानें धुवून वापरावयाची असते; पण मे महिन्यांत कोंकणांतल्या विहिरींची काय अवस्था असते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना पुढचें सांगावयास नको.

घमेलीं वाहणाऱ्या बायकांत एक वृद्धा होती. तिनें ढिगांतली चिमूटभर वाळू जिभेवर ठेविली, थुंकून टाकली आणि म्हणाली, “भाऊ, ही रेती खारट लागते हो.” आम्ही हंसलों. “मावशी, आपल्याला ती खायची नाहीं, गच्चींत घालायची आहे,” असें चातुर्याचें उत्तरहि आम्हीं दिलें. सारीं माणसें हंसलीं. तीहि हंसली, आणि घमेलें डोक्यावर घेऊन चालूं लागली.

स्लॅब सकाळीं सात वाजतां सुरू झाला. दुपारीं पश्चिमेकडे ढग जमले. मेस्त्री जवळ येऊन म्हणाले, “भाऊ, माल घट्ट येतोय, पोरं दमलीत. थोडं पाणी सोडतों.” पाण्याचें प्रमाण लिहिलेला कागद आमच्या खिशांत होता. तो आम्हीं बाहेर काढला नाहीं. सळया फळ्यांपासून उचलून धराव्या म्हणून त्यांखालीं ठेविलेले सिमेंटचे लहान ठोकळे बऱ्याच जागीं पायांखालीं निसटले होते व जाळी फळ्यांना टेकली होती. तेंहि आम्हीं पाहिलें. काम थांबवावें असें मनांत आलें. पण अर्ध्यावर काम थांबविणें, मजुरांना दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोलावणें, अण्णांच्या पैशांचा हिशेब, आणि मुख्य म्हणजे गांवच्या वीस माणसांदेखत “चुकलें” म्हणणें, या साऱ्यापुढें आमची पदवी गप्प बसली. रात्रीं आठ वाजतां काम संपलें आणि अण्णांनीं सर्वांना पेढे वांटले.

पुढें निदान दोन आठवडे गच्चीवर पाणी बांधून ठेवावयाचें होतें. पांचव्या दिवशीं विहिरीनें तळ दाखविला. अण्णांनीं विचारलें, “अजून पाणी मारायला पाहिजे का?” आम्हीं म्हणालों नाहीं कीं पाहिजे. आम्हीं सांगितलें, “आतां पुरे.”

हाच तो आजवर गाळलेला तुकडा.

पहिलीं पंधरा वर्षें गच्चीनें कांहींच तक्रार केली नाहीं. काँक्रीटचा हाच मोठा धोका आहे. चिऱ्याची भिंत ओळंब्यांत नसेल तर ती त्याच दिवशीं दिसते. लांकडाला कीड लागली तर भुसा पडतो. काँक्रीटवर एकदां गिलावा झाला म्हणजे चांगलें काम आणि वाईट काम हीं दोन्हीं सारखींच गोरीं दिसतात. अण्णा आपल्या गच्चीवर सायंकाळीं खुर्ची टाकून बसत; आई आंबोशी आणि पापड वाळवीत असे. अण्णा गेले, ते आपल्या मुलानें बांधलेल्या पक्क्या घरांतून गेले, या समाधानांत. तें समाधान आम्हीं त्यांच्याकडे राहूं दिलें, हें चांगलें केलें कीं वाईट, याचा निर्णय आम्हांस अजून करितां आलेला नाहीं.

१९९५ च्या सुमारास पुढच्या खोलीच्या छताला तांबूस रेघा दिसूं लागल्या. सळया ज्या ओळींनीं टाकलेल्या होत्या, त्याच ओळींनीं रेघा उमटल्या होत्या. आमचे थोरले बंधु गांवीं घर सांभाळून असतात. त्या दादांनीं आम्हांस मुंबईस पत्र लिहिलें. आम्ही गेलों, हातोडीनें ठोकून पाहिलें, आवाज पोकळ आला तेथें खरवडून नवें सिमेंट भरलें आणि वरून रंग लावला. दादांना सांगितलें, “समुद्राची हवा आहे, असं व्हायचंच.” हें वाक्य निम्में खरें होतें, म्हणूनच तें धडधडीत खोट्याहून वाईट होतें. मीठ सबंध स्लॅबमध्यें भिनलेलें असतां एकाच जागीं ठिगळ लाविलें, म्हणजे गंज त्या ठिगळाच्या कडेलाच अधिक वेगानें चरूं लागतो, हेंहि आम्हांस ठाऊक होतें.

२००३ सालच्या श्रावणांतली गोष्ट. आई रोज सकाळीं पुढच्या खोलींत खाटेवर बसून जप करी. त्या दिवशीं ती तुळशीला पाणी घालावयास उठली, आणि तिच्या पाठीमागें परातीएवढा तुकडा छतांतून सुटून खाटेवर पडला. दादांच्या मुलीनें फोन केला. “काका, आजीला कांहीं झालं नाहीं,” हें वाक्य तिनें आधीं सांगितलें, आणि काय झालें तें मागाहून. तिनें तें सांगण्यापूर्वींच आम्हांस कळलें होतें.

अशा प्रसंगीं मनुष्य पदार्थाला दोष देऊन मोकळा होतो. तशीं माणसें आम्हांस दोन्हीं बाजूंचीं भेटलीं आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचीं जड धाबीं कोसळून हजारों माणसें झोंपेंत दडपलीं गेलीं. त्यानंतर दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीवन, असें पुष्कळांनीं मनाशीं ठरविलें. पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छचा भूकंप झाला, तेव्हां केंद्रापासून दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कित्येक इमारतींचा तळमजला मोटारींसाठीं मोकळा सोडून वरचा सारा भार नुसत्या खांबांवर तोलून धरलेला होता. मग सिमेंटलाच नांवें ठेवणारे पुढें आले. दोघांचाहि न्याय चुकीचा. चिरेबंदी भिंतींत आडवे जोड-दगड न घालणें आणि काँक्रीटमध्यें ठोकळे न ठेवणें हें एकच पाप आहे. पदार्थ तेवढा निराळा.

याच्या उलट कोयनेचें उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथें मोठा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या काँक्रीटच्या धरणाला वरच्या अंगास, जेथें त्याचा उतार बदलतो तेथें, भेगा पडल्या. पण धरण फुटलें नाहीं. त्या भेगांवर कुणी रंग लावला नाहीं. त्या मोजल्या गेल्या, त्यांचें कारण शोधलें गेलें, भेगा भरून पाठीमागून काँक्रीटचे टेंके देऊन धरण बळकट करण्यांत आलें, आणि तें आजहि पाणी धरून आहे. भेग पडणें हा काँक्रीटचा गुन्हा नव्हे. तें त्याचें बोलणें आहे. आमच्या छतानेंहि आठ वर्षें आधीं बोलून दाखविलें होतें.

आज नियम अधिक कडक आहेत. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणें समुद्रकांठच्या हवेला उघड्या असलेल्या कामांत काँक्रीट निदान एम ३० दर्जाचें, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटींपेक्षां अधिक नाहीं, आणि सळईवरचें कवच सामान्यतः ४५ मिलिमीटर पाहिजे. परंतु नियम वाचणारा मनुष्य एक आणि दुपारीं तीन वाजतां बादली हातांत असणारा मनुष्य दुसरा, हें अंतर कोणत्याहि ग्रंथानें आजवर भरून काढलेलें नाहीं. तें भरून काढण्यासाठीं तेथें एक तिसरा मनुष्य उभा केलेला असतो. १९७९ सालीं तो आम्ही होतों. शिवाय हें केवळ घरच्या नुकसानीपुरतें नाहीं. जगांत दरसाल सुमारें ४ अब्ज टन सिमेंट तयार होतें, आणि माणसाच्या उद्योगांतून हवेंत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकीं सात-आठ टक्के एकट्या त्या धंद्यांतून जातो. शंभर वर्षें टिकावी अशी वस्तु पंचवीस वर्षांत फोडणें म्हणजे तो धूर चौपट करणें होय.

२००४ च्या जानेवारींत गच्ची फोडावयाचें ठरलें. आदल्या रात्रीं दादा आणि आम्ही तिच्याच जिन्यावर बसलों होतों. आम्हीं त्यांना सर्व सांगितलें: वाळू, पाणी, ठोकळे आणि विहीर. दादा पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “बाकीचं मला कळत नाहीं रे. पण पाण्याचं त्या दिवशीं बोलला असतास, तर मी बैलगाडीनं नदीवरून पिंपं भरून आणलीं असतीं.”

आम्हांस ते रागावतील अशी अपेक्षा होती. त्याची तयारी करूनच आम्ही बसलों होतों. या वाक्याची तयारी नव्हती. पंचवीस वर्षें आम्ही असें समजून चाललों होतों कीं, त्या दिवशीं पाणीच नव्हतें, पैसेच नव्हते, आभाळच भरून आलें होतें. पाणी चार मैलांवर होतें, आणि तें आणणारा मनुष्य आमच्याच घरांत होता. त्याला फक्त विचारावयाचें होतें.

नवी गच्ची फेब्रुवारींत ओतली. वाळू नदीची, तीहि धुतलेली. पोत्यामागें पाणी २२ लिटर मोजून. मिश्रण सैल व्हावें म्हणून पाण्याऐवजीं त्यासाठीं मिळणारें रसायन. प्रत्येक सळईखालचा ठोकळा आम्हीं स्वतः गुडघ्यांवर बसून हातानें चांचपून पाहिला. नंतर चौदा दिवस दादा रोज टँकर बोलावीत आणि गच्चीवर घातलेल्या मातीच्या वाफ्यांत पाणी भरून ठेवीत. आई खालीं खाटेवर बसून वरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज ऐके आणि म्हणे, “या वेळीं भरपूर प्यायली हो गच्ची.”

वाळूचा पहिला ट्रक आला तेव्हां, नमुना तपासून आलेला असतांहि, आम्हीं चिमूटभर वाळू उचलून जिभेवर ठेविली. जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हें आम्हांस कळतें. सभोंवारचीं मुलें हंसलीं. वाळू अळणी होती. ती वृद्धा तोंवर हयात राहिली नव्हती; आणि तिचें नांव काय होतें, हें १९७९ सालीं आम्हीं विचारून ठेविलें नव्हतें.